पाण्याने थंड होणाऱ्या संगणकाला पंखे-पंपाचा कंट्रोलर कसा जोडावा

वॉटर कूलिंगचा संच जुळवताना नवशिक्याचे सारे लक्ष नळ्या, फिटिंग आणि गळती यांवर असते, आणि ते योग्यच आहे. मात्र संच एकदा भरून झाला की तो आवाज किती करतो, उन्हाळ्यात किती तापतो आणि पंप बंद पडल्यास संगणक वेळीच थांबतो की नाही, हे सगळे पंखे आणि पंप चालवणाऱ्या लहानशा कंट्रोलरवर अवलंबून असते. या विषयावरची बरीचशी माहिती थंड हवेच्या देशांतून आलेली असते. तिच्यातले आकडे जसेच्या तसे मुंबईत वापरले, तर मे महिन्यात पंखे दिवसभर पूर्ण वेगाने घोंघावत राहतात, आणि कंट्रोलर खराब निघाला अशी समजूत होते. म्हणून या लेखातला मुख्य आग्रह सुरुवातीलाच सांगतो: पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठेवू नये, तो पाणी आणि खोलीतील हवा यांच्या तापमानातील फरकावर ठेवावा, आणि पंपाचा वेग शक्यतो स्थिर ठेवावा.

येथे सांगितलेली पद्धत सुट्या भागांतून स्वतः जुळवलेल्या संचासाठी आहे. तयार मिळणाऱ्या बंद संचात पंप आणि त्याचे नियंत्रण कंपनीने आधीच ठरवलेले असते, त्यामुळे तेथे यातला थोडाच भाग लागू पडेल. सोयीसाठी संचात फिरणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटला, सर्वत्र पाणीच म्हटले आहे.

पिनांची ओळख

चार पिनांच्या पंख्यात पहिली पिन ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्टची, तिसरी वेग कळवणारी आणि चौथी वेग ठरवणारी असते. चौथ्या पिनेवरून जाणारा पीडब्ल्यूएम संकेत सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होतो, आणि प्रत्येक आवर्तनात तो किती टक्के काळ चालू राहिला त्यावरून पंखा आपला वेग ठरवतो. या काळात १२ व्होल्टचा पुरवठा अखंड चालू असतो. तीन पिनांच्या पंख्याला ही चौथी पिन नसते, म्हणून त्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच उतरवावे लागते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीच्या पडद्यात, किंवा कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीसी’ असा जो पर्याय दिसतो तो यासाठी असतो. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएम पद्धतीवर ठेवला तर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो, एवढेच होते. उलट पीडब्ल्यूएम पंपाला डीसी पद्धतीने कमी व्होल्टेज दिले तर तो सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि तो प्रकार अधिक घातक आहे.

तिसऱ्या पिनेवरून पंख्याच्या दर फेऱ्याला दोन ठोके जातात आणि ते मोजून कंट्रोलर वेग दाखवतो. स्प्लिटर, म्हणजे एका टोकाची अनेक टोके करणारी केबल, वापरून एका हेडरवर (मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीवर) तीन पंखे जोडताना या तीनपैकी एकाच पंख्याची ही तार पुढे गेलेली असावी लागते. चांगल्या स्प्लिटरच्या बाकीच्या टोकांना तिसरी पिन मुद्दामच दिलेली नसते. स्वस्त स्प्लिटरमध्ये तिन्ही तारा एकत्र आलेल्या आढळतात. मग पडद्यावर कधी ३,००० तर कधी शून्य असे अर्थहीन आकडे नाचू लागतात. तसे दिसल्यास पंख्यांना दोष देण्याआधी स्प्लिटर पाहावा.

विजेचा हिशेब

मदरबोर्डवरचा पंख्याचा साधा हेडर बहुधा १ अँपियर, म्हणजे १२ वॅट, एवढाच भार सोसतो. नेमका आकडा मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. पंख्याच्या मधोमध चिकटवलेल्या लेबलवर तो किती अँपियर घेतो हे छापलेले असते. समजा एका पंख्यावर ०.२ अँपियर लिहिले आहे आणि ३६० मिलिमीटरच्या दोन रेडिएटरांवर, म्हणजे पंख्यांच्या हवेने पाणी थंड करणाऱ्या जाळ्यांवर, असे सहा पंखे आहेत; एकूण १.२ अँपियर झाले, म्हणजे एका हेडरची मर्यादा ओलांडली. शिवाय पंखा थांबलेल्या अवस्थेतून सुरू होताना क्षणभर जास्त विद्युतप्रवाह ओढतो, म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर जाणेही शहाणपणाचे नाही.

पंपाचे गणित वेगळे आहे. सुट्या संचांत सर्वांत जास्त दिसणारा डी-५ पंप पूर्ण वेगाला २० वॅटहून अधिक वीज घेऊ शकतो. त्यामुळे त्याच्या पीडब्ल्यूएम प्रकाराला दोन वेगळ्या केबल असतात: एक मोलेक्स किंवा साटा जोडणीची, जी थेट एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, वीज घेते, आणि दुसरी चार पिनांच्या कनेक्टरची, जिच्यात प्रत्यक्ष तारा मात्र वेग कळवणारी आणि वेग ठरवणारी अशा दोनच असतात. असा पंप मदरबोर्डच्या कोणत्याही हेडरवर निर्धास्त जोडता येतो, कारण हेडरवरून वीज जातच नाही. काही लहान पंप मात्र सगळी वीज त्या एकाच चार पिनांच्या कनेक्टरमधून घेतात, आणि त्यांच्यासाठी अनेक मदरबोर्डांवर जास्त क्षमतेचा पंप हेडर वेगळा दिलेला असतो.

साटाच्या वीज-जोडणीत १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपियर असते, म्हणजे एकूण ४.५ अँपियर किंवा ५४ वॅट. एका साटा कनेक्टरवर हब, त्याला दहा पंखे आणि वर पंपही, अशी माळ ओवू नये. पंपाला एसएमपीएसमधून वेगळी केबल द्यावी.

कोणता कंट्रोलर घ्यावा

बाजारात तीन प्रकारची उपकरणे ‘कंट्रोलर’ या एकाच नावाखाली विकली जातात. पहिला प्रकार म्हणजे साधा हब, जो वीज साटाकडून घेतो आणि मदरबोर्डच्या एका हेडरचा संकेत सगळ्या पंख्यांना वाटतो. त्याला स्वतःची बुद्धी नसते, पण ज्यांना सगळे पंखे एकाच वेगाने फिरलेले चालतात त्यांना तो पुरतो. दुसरा प्रकार कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला गोल बटणे असलेला, हाताने वेग बदलण्याचा; मुंबईच्या हवेत दुपारी आणि रात्री वेगवेगळा वेग लागतो आणि रोज उठून कोणी बटण फिरवत नाही, म्हणून तो विचारातच घेऊ नये. तिसरा प्रकार यूएसबीने मदरबोर्डला जोडला जाणारा, तापमानाचे सेन्सर लावता येणारा स्वतंत्र कंट्रोलर, आणि पुढचा सगळा मजकूर याच प्रकारासाठी आहे. अक्वाकॉम्प्युटर कंपनीच्या क्वाड्रोवर पंख्यांची चार आणि ऑक्टोवर आठ आउटपुट असून प्रत्येकाची क्षमता २५ वॅट आहे. कॉर्सेअरच्या कमांडर प्रो या बऱ्याच संगणकांत दिसणाऱ्या कंट्रोलरवर सहा पंखे आणि चार सेन्सर लागतात.

खरेदीपूर्वी एकच प्रश्न नीट विचारावा: विंडोज बंद पडली, अडकली किंवा तिच्यातले सॉफ्टवेअर सुरूच झाले नाही, तर हा कंट्रोलर ठरवलेला आलेख, म्हणजे किती तापमानाला किती वेग याची मांडणी, स्वतःहून चालवत राहतो का? क्वाड्रो आणि ऑक्टो यांची मांडणी उपकरणातच साठवलेली असते, त्यामुळे ते हे करू शकतात. ज्यांचे सगळे निर्णय संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, ते चांगले दिसले तरी दुसऱ्या क्रमांकावर ठेवावेत.

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर मल्टीमीटर, एक्स्टेंशन केबल, कनेक्टर, थर्मिस्टर (तापमानाचे साधे सेन्सर) अशा सुट्या वस्तू सहज मिळतात. रेडिएटर, फिटिंग आणि असे खास कंट्रोलर मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात, म्हणून चूक उमगल्यावर ‘उद्या जाऊन बदलून आणू’ हा पर्याय नसतो. मागवण्याआधी कागदावर आकृती काढून कोणती केबल कोठून कोठे जाईल आणि किती लांब लागेल हे लिहून घ्यावे.

जोडणी

सर्वप्रथम एसएमपीएसचा स्विच बंद करून भिंतीतला प्लग काढावा. जुन्या चाळींत आणि काही जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्यातली अर्थिंगची तार कोठेच पोहोचलेली नसते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला टेस्टर लावल्यावर दिवा लागत असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्यावे आणि मगच पाण्याचा आणि विजेचा शेजार मांडावा.

कंट्रोलरची जागा अशी निवडावी की वरच्या कोणत्याही फिटिंगमधून थेंब पडला तरी तो कंट्रोलरवर येणार नाही. मदरबोर्डच्या मागच्या बाजूची मोकळी जागा बहुतेक वेळा उत्तम ठरते. उघडा सर्किट बोर्ड असलेला कंट्रोलर धातूच्या पत्र्यावर नुसता दुहेरी टेपने चिकटवू नये. मुंबईच्या उन्हाळ्यात टेप सैल होतो आणि बोर्डाची मागची बाजू पत्र्याला टेकते. स्पेसर आणि स्क्रू वापरावेत.

वीज देणारी केबल जोडण्यापूर्वी ती त्याच एसएमपीएसच्या खोक्यातली आहे याची खात्री करावी. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलींची कंट्रोलरकडची टोके सारखी दिसतात, पण एसएमपीएसकडच्या टोकातील पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, निराळी असते. मित्राकडून आणलेली किंवा जुन्या खोक्यात सापडलेली केबल अगदी चपखल बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट देते. शंका असल्यास केबलला कंट्रोलर न जोडता एसएमपीएस सुरू करून मल्टीमीटरने तपासावे: मोलेक्समध्ये पिवळी तार आणि तिच्या शेजारची काळी यांच्यात १२ व्होल्ट, तर लाल आणि तिच्या शेजारची काळी यांच्यात ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. सगळ्याच तारा काळ्या असतील तर कनेक्टरमधली जागा पाहून मोजावे.

यूएसबीची केबल मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २ हेडरवर बसते. हा हेडर म्हणजे पाच-पाच पिनांच्या दोन ओळी असून एका कोपऱ्यातली पिन गाळलेली असते, त्यामुळे रिकामा कोपरा पाहून केबल लावली की उलटी बसण्याचा प्रश्न उरत नाही. मदरबोर्डावर असे हेडर थोडेच असतात, म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीसाठी ते आधीच वापरून झाले नाहीत ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

आता सेन्सर. पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे फिटिंगच्याच जी-एक-चतुर्थांश आट्यांच्या बुचात बसवलेला १० किलोओहमचा थर्मिस्टर असतो. २५ अंश सेल्सिअसला त्याचा रोध १० किलोओहम भरतो आणि तापमान वाढले की तो घटतो. बसवण्याआधी तो मल्टीमीटरने तपासणे दोन मिनिटांचे काम आहे. ३० अंशांच्या खोलीत आकडा ८ किलोओहमच्या आसपास दिसेल; मग सेन्सरचे टोक बोटांच्या चिमटीत धरले की आकडा हळूहळू ७ कडे उतरू लागेल. आकडा हललाच नाही किंवा मीटरने अनंत रोध दाखवला, तर तो सेन्सर पाण्यात घालून काही उपयोग नाही. सेन्सर संचात नेमका कोठे बसवावा यावर लोक फार काथ्याकूट करतात, पण त्याने फारसा फरक पडत नाही; कारण पुढे तापमानाच्या हिशेबात येईलच. रिझर्व्हायरच्या (पाण्याच्या टाकीच्या) किंवा रेडिएटरच्या मोकळ्या तोंडात तो सोयीने बसवावा.

दुसरा सेन्सर हवेसाठी, आणि तो नवशिके हमखास विसरतात. दोन तारांचा साधा थर्मिस्टर रेडिएटरमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते तेथे, पंख्याच्या जाळीच्या बाहेरच्या बाजूला, धातूला न टेकवता केबल टायने बांधावा. गरम हवा बाहेर पडते तेथे, खिडकीतून ऊन येते तेथे किंवा एसीचा झोत थेट लागतो तेथे तो ठेवू नये.

पंपाविषयी माझे स्पष्ट मत असे की पहिल्याच संचात पंप कंट्रोलरवर घेऊ नये. पंपाची वीज एसएमपीएसकडून आणि त्याची दोन तारांची केबल मदरबोर्डच्या प्रोसेसर-पंखा हेडरवर, ज्यावर ‘सीपीयू फॅन’ असे छापलेले असते, अशी ठेवावी. पंखे तेवढे कंट्रोलरकडे द्यावेत. या हेडरवर फिरण्याचा संकेत आला नाही, तर बहुतेक मदरबोर्ड सुरू होतानाच त्रुटी दाखवून थांबतात. पंप अडकलेला असताना संगणक सुरूच होऊ नये, ही फुकट मिळणारी सुरक्षितता आहे. शिवाय कंट्रोलर बिघडला तरी पंप चालू राहतो आणि पंप बिघडला तरी पंखे चालू राहतात.

पंखे जोडताना एका रेडिएटरचे सगळे पंखे एका आउटपुटवर घ्यावेत, कारण एकाच रेडिएटरवर निरनिराळ्या वेगाचे पंखे फिरवून फायदा नाही. पंख्यांच्या दिव्यांच्या केबली वेगळ्या असतात आणि त्यांचे ५ व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे असे दोन प्रकार असतात; ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टला लावले की ते लगेच जळतात.

पाणी भरताना फक्त पंप

नळाचे पाणी वापरू नये. पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी अनेकदा केवळ क्षारमुक्त केलेले असते आणि त्याची शुद्धता बाटलीगणिक बदलते. तयार कूलंट सर्वांत सोपे. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव्य असे मिश्रण करायचे असेल, तर प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांतून डिस्टिल्ड वॉटर आणावे. तांब्याचे वॉटरब्लॉक, म्हणजे प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डावर बसणारे, आतून पाणी जाणारे ठोकळे, आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच संचात मात्र कधीही आणू नयेत. दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजत जाते.

पहिल्यांदा पाणी भरताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि कंट्रोलर यांच्या विजेच्या केबली काढून ठेवाव्यात आणि एसएमपीएसवर फक्त पंप असावा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली १६ क्रमांकाची पिन, जिची तार रंगीत केबलमध्ये हिरवी असते, कोणत्याही काळ्या तारेच्या पिनेशी जोडली की एसएमपीएस मदरबोर्डशिवाय सुरू होतो. त्यासाठी वाकवलेल्या पेपरक्लिपपेक्षा या कामासाठी मिळणारा जंपर वापरावा. पंपाचे बेअरिंग पाण्यानेच ओले राहते, म्हणून कोरडा पंप काही सेकंदही चालवू नये: रिझर्व्हायर भरावा, पंप सुरू करावा, पातळी तळाशी येण्याआधी बंद करावा, पुन्हा भरावे, असे पातळी स्थिर होईपर्यंत करावे. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून पंप काही तास चालू ठेवावा आणि कॅबिनेट हळूच पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलते करावे, म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे वर येतात. पीडब्ल्यूएम संकेत नसताना काही पंप पूर्ण वेगाने तर काही मधल्या वेगाने चालतात, त्यामुळे या वेळी ऐकू येणारा आवाज हा नेहमीचा आवाज समजू नये.

बायोस आणि पंपाचा वेग

टिश्यू कोरडे राहिले की बाकीच्या केबली जोडून संगणक सुरू करावा आणि थेट बायोसमध्ये जावे. पंपाचा हेडर ‘ऑटो’वर न ठेवता पीडब्ल्यूएम पद्धतीवर ठेवावा आणि त्याचा आलेख सपाट करावा, म्हणजे तापमान काहीही असो, संकेत तेवढाच राहील. डी-५ पंपाचा पूर्ण वेग मिनिटाला सुमारे ४,८०० फेरे असतो. ६० ते ७० टक्क्यांवर तो बहुतेक संचांत पुरेसे पाणी फिरवतो आणि त्याचा गुणगुणाटही बराच कमी होतो.

यामागे साधे गणित आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४,१८६ ज्यूल उष्णता लागते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता देत असतील आणि ताशी १५० लिटर पाणी फिरत असेल, तर सगळे वॉटरब्लॉक पार करून आलेले पाणी आत गेलेल्या पाण्यापेक्षा जेमतेम १.७ अंशांनी गरम असते. प्रवाह ताशी ६० लिटरवर आणला, तरी हा फरक सव्वाचार अंशांच्या आसपास राहतो. म्हणूनच सेन्सर कोठेही लावला तरी चालते, आणि म्हणूनच पंप जोरात फिरवून तापमान फारसे उतरत नाही. पंपाला सारखा वर-खाली वेग दिल्याने मिळतो तो फक्त बदलणारा आवाज, जो स्थिर आवाजापेक्षा कानाला जास्त टोचतो.

पंख्यांचा आलेख

हा या कामाचा गाभा आहे, आणि येथे घाई करू नये.

प्रोसेसरचे तापमान एखादी फाइल उघडताच सेकंदाभरात वीस-तीस अंशांनी उसळते आणि तितक्याच वेगाने खाली येते. पंखे त्यावर बांधले की ते दिवसभर धापा टाकल्यासारखे वाढतात आणि ओसरतात, आणि त्या काही सेकंदांत त्यांनी हवेत कितीही जोर लावला तरी प्रोसेसरला त्याचा उपयोग होत नाही, कारण मध्ये पाणी आहे. पंखे प्रोसेसरला थंड करत नाहीत, ते पाण्याला थंड करतात. संचात एक लिटर पाणी असेल आणि ४०० वॅट भार अचानक आला, तर पंखे बंद असले तरीही पाणी मिनिटाला पावणेसहा अंशांपेक्षा वेगाने तापणार नाही. पंख्यांना विचार करायला भरपूर वेळ असतो, तो त्यांना द्यावा.

प्रथम प्रत्येक आउटपुटचा किमान वेग शोधावा. संकेत ५० टक्क्यांपासून पाच-पाच टक्क्यांनी उतरवत जावे आणि पंखा कोठे थांबतो हे पाहावे. मग थांबलेला पंखा किती टक्क्यांवर पुन्हा सुरू होतो हे वेगळे नोंदवावे, कारण फिरत राहण्यापेक्षा सुरू होण्यासाठी जास्त जोर लागतो. किमान मर्यादा या दुसऱ्या आकड्याच्या थोडी वर ठेवावी.

त्यानंतर आलेखासाठी कोणते तापमान घ्यायचे ते ठरवावे. नुसते पाण्याचे तापमान घेतले तर काय होते ते पाहू. जानेवारीच्या सकाळी मुंबईत खोलीचे तापमान २२ अंश असू शकते आणि मे महिन्याच्या दुपारी बिनएसीच्या खोलीत ते ३३ अंशांवर सहज जाते. पाण्याने चालणारा कोणताही साधा संच खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पूर्ण भाराखाली पाणी हवेपेक्षा १० अंशांनी गरम राहिले तर संच उत्तम चालला आहे असे समजावे. म्हणजे तोच संच, तितकाच चांगला चाललेला, जानेवारीत ३२ आणि मे महिन्यात ४३ अंश दाखवेल. ‘४० अंशांना १०० टक्के’ असा आलेख ठेवला असेल, तर मे महिन्यात पंखे जिवाच्या आकांताने फिरतील आणि पाणी तरीही ३३ अंशांच्या खाली जाणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे पाणी वजा हवा. अनेक कंट्रोलरांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सेन्सरांपासून तिसरा, आभासी सेन्सर तयार करता येतो. त्यावर सुरुवातीचा आलेख असा ठेवता येईल: फरक ५ अंशांपर्यंत असेल तर किमान वेग, ८ अंशांना ५० टक्के, १२ अंशांना ७५ टक्के आणि १५ अंशांना १०० टक्के. मग तासभर जड काम चालवून पाणी कोठे स्थिरावते ते पाहावे आणि आलेख थोडा डावी-उजवीकडे सरकवावा. वेगातले बदल एक-दोन अंशांच्या फरकानेच व्हावेत आणि सावकाश व्हावेत, यासाठी दिलेल्या विलंबाच्या पर्यायांचा सढळ हाताने वापर करावा.

एसी असलेल्या खोलीत या पद्धतीची एक गंमत दिसते. एसी लावल्यावर हवा झटकन थंड होते, पण लिटरभर पाणी तितक्या लवकर निवत नाही. फरक वाढतो आणि काही काम चालू नसतानाही पंखे थोडा वेळ वेग घेतात. हे बरोबरच आहे. थंड हवा उपलब्ध झाली आहे आणि कंट्रोलर तिचा फायदा घेत आहे.

मात्र वजाबाकी कोठे होते ते तपासणे आवश्यक आहे. ती विंडोजमधल्या सॉफ्टवेअरमध्ये होत असेल, तर सॉफ्टवेअर बंद पडताच आभासी सेन्सर नाहीसा होतो. अशा वेळी काय करायचे हे कंट्रोलरच्या आतल्या मांडणीत वेगळे ठरवून ठेवावे: एकतर थेट पाण्याच्या तापमानाचा साधा आलेख, ज्यात ४० अंशांना ४० टक्के, ४५ अंशांना ६० टक्के आणि ५० अंशांना १०० टक्के वेग असेल, किंवा तेही जमत नसेल तर स्थिर ७० टक्के. सॉफ्टवेअर मुद्दाम बंद करून आणि नंतर विंडोज सुरू होण्याआधी बायोसमध्येच थांबून पंखे खरोखर तसे वागतात का, हे डोळ्यांनी पाहावे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी लिक्विडसीटीएल हे मुक्त सॉफ्टवेअर बऱ्याच कंट्रोलरांशी बोलू शकते, पण आपले मॉडेल त्याच्या यादीत आहे का हे खरेदीपूर्वी पाहावे.

धोक्याची सूचना आणि बंद होण्याची मर्यादा

डी-५ पंपाची कमाल मर्यादा ६० अंशांच्या पाण्याची धरली जाते आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच्या पुढे नरम पडू लागतात. म्हणून पाणी ५० अंशांवर गेले की सूचना आणि ५५ अंशांवर गेले की संगणक आपोआप बंद, अशी मर्यादा ठेवावी. त्याबरोबर पंपाचा वेग मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या खाली गेला तर सूचना मिळावी. पंप थांबला की पाण्याचा सेन्सर फसतो, कारण वॉटरब्लॉकमध्ये पाणी उकळायला आले तरी रिझर्व्हायरमधले पाणी थंडच राहते. ही मांडणी झाल्यावर ती खरी करून पाहावी: संगणक रिकामा चालू असताना पंपाची दोन तारांची केबल हेडरवरून काढावी आणि सूचना वाजते का ते बघावे. पंपाची वीज चालूच असल्याने तो फिरत राहतो, त्यामुळे या चाचणीत धोका नाही.

दमट हवा आणि धूळ

पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नसल्याने चालू संगणकात दव धरण्याची भीती नसते. अपवाद एकच. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर एसी २२ अंशांवर चालला, संगणक बंद होता, आणि सकाळी एसी बंद करून खिडक्या सताड उघडल्या, तर एसीच्या गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते तसे थंड धातूवर बारीक दव जमू शकते. अशा सकाळी अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा आणि मग संगणक सुरू करावा.

धुळीचे दुखणे जास्त मोठे आहे, विशेषतः शेजारी इमारतीचे बांधकाम चालू असेल तर. रेडिएटरच्या पट्ट्यांत धूळ बसली की तोच भार, तोच वेग असूनही फरकाचा आकडा हळूहळू वाढत जातो, आणि येथे फरकावर आधारलेल्या आलेखाचा आणखी एक उपयोग होतो: ऋतू कोणताही असला तरी हा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येतो. संच नवा असताना ठरावीक कामाखाली मिळालेला फरक लिहून ठेवावा. नंतर त्याच कामाखाली तो तीन-चार अंशांनी वाढलेला दिसला, तर पंखे काढून रेडिएटर हलक्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ करावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे ती हवेच्या झोताने भरमसाट वेगाने फिरणार नाहीत.

कंट्रोलरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्यापूर्वी सगळी मांडणी फाइलमध्ये साठवून घ्यावी आणि आलेखांचे आकडे कागदावरही उतरवावेत, कारण काही वेळा अद्ययावत केल्यावर आउटपुट मूळ स्थितीत जातात आणि पीडब्ल्यूएमवर ठेवलेला हेडर पुन्हा ‘ऑटो’वर आलेला असतो. बायोस अद्ययावत केल्यावर पंपाच्या हेडरचीही अशीच तपासणी करावी.